चार्जिंगच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल: आधी जुना चार्जर काढा, मग सेल घाला

मोहोळ तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय. वडील रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला शेतात जातात. त्यांच्या चार्जिंगच्या टॉर्चमध्ये ४ व्होल्टची लेडची बॅटरी आहे आणि ती आता दहा मिनिटंही धरत नाही. पोराने जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० चे, म्हणजे लिथियमचे गोल लांबट, दोन सेल काढून ठेवलेत. ते आत जोडून टॉर्च पहिल्यासारखीच भिंतीच्या सॉकेटला लावली तर चालेल का? एक सेल घालावा की दोन? आणि आजोबांची तीन सेलची पितळी टॉर्च माळ्यावर पडून आहे, तिचं काही होईल का?

आधी एक घोळ मिटवतो. आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात आणि आतल्या सेललाही बॅटरीच. खाली मी टॉर्च म्हणेन ती अख्खी वस्तू आणि सेल म्हणेन तो आतला लिथियमचा.

आता उत्तर. सेल चालेल, झकास चालेल. तो भिंतीचा चार्जर मात्र अजिबात चालणार नाही. सेल बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, त्यात मोठं काही नाही. टॉर्चच्या बुडातल्या त्या दोन पिना आणि त्यांच्यामागचं सर्किट काढून टाकणं हेच खरं काम. लोक नेमकं तेच ठेवतात, कारण बाहेरून टॉर्च जशीच्या तशी दिसते आणि काहीच तोडावं लागत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या बाजूचं एक गिऱ्हाईक अशीच टॉर्च घेऊन आलं. लेडची बॅटरी मिळत नव्हती. माझ्याकडे मोबाईलची एक चांगली बॅटरी पडून होती, ती बसवून दिली. मोबाईलच्या बॅटरीत वरच्या बाजूला प्रोटेक्शनची छोटी पट्टी असते. ती आहे म्हटल्यावर काय होतंय, असं मला वाटलं. दोन आठवड्यांनी माणूस परत आला. टॉर्चची प्लास्टिकची बॉडी शिवणीवर उकललेली आणि आत बॅटरी भाकरीसारखी टम्म फुगलेली. वर तो सहज बोलून गेला, "रात्री उशाला लावून ठेवतो की." ते ऐकून माझे हातपाय गार पडले. पैसे परत केले, चहा पाजला आणि त्याच दिवशी ते सर्किट टेबलावर पसरून नीट बघितलं.

तुम्हीही उघडून बघा. पिनांपासून दोन वायरी येतात. पुढे एक चौकोनी, चपटा कॅपॅसिटर असतो, त्यावर १०५जे ४००व्ही किंवा ४७४जे असं काहीतरी लिहिलेलं. त्याला आडवा एक रेझिस्टर, मग चार डायोड आणि थेट बॅटरी. ट्रान्सफॉर्मर नाही, कुठलाही आयसी नाही. १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड. आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या लाईटवर तो साधारण ७२ मिलिअँपिअर करंट सोडतो. ४७४ असेल तर चौतीसच्या आसपास. बॅटरी रिकामी असो की भरलेली, तो तेवढाच करंट ढकलत राहतो. बोअरची मोटार चालू आहे आणि टाकीला फ्लोटच नाही, असं समजा. लेडची बॅटरी हे निभावून नेते. भरल्यावर जास्तीचा करंट आतलं पाणी उडवण्यात जातो, बॅटरी हळूहळू सुकते, पण पेटत नाही. लिथियमला ती सोय नाही. त्याची टाकी ४.२ व्होल्टला भरते आणि त्यानंतर एक थेंबही आत गेलेला त्याला सोसत नाही.

मग प्रोटेक्शनची पट्टी काय करते? ती ४.३ व्होल्टच्या आसपास सेल तोडते, म्हणजे वॉल्व्ह बंद करते. पण मोटार तर चालूच. वॉल्व्ह बंद आणि मोटार चालू म्हटल्यावर पाईपचं काय होतं हे शेतकऱ्याला मी काय सांगणार. भार तुटला की त्या सर्किटचा व्होल्टेज ३२५ व्होल्टपर्यंत चढायला बघतो, कारण २३० व्होल्टच्या लाईटचं शिखर तेवढं असतं. पट्टीवर स्विचचं काम करणारे भाग, म्हणजे मॉस्फेट, वीसेक व्होल्टचे. ते फुटतात आणि फुटताना बहुतेकदा शॉर्ट होऊन बसतात. पहारेकरी गेला आणि दार उघडंच राहिलं. तुमच्या लॅपटॉपच्या सुट्या सेलना तर अशी पट्टीही नसते, ती त्या पॅकच्या बोर्डावर राहिली.

दुसरी गोष्ट शॉकची. त्या सर्किटमध्ये लाईट आणि सेल यांच्यामध्ये काहीच आडोसा नाही. टॉर्च सॉकेटला लागलेली असताना सेलच्या कुठल्याही टोकाला बोट लागलं तर थेट फेजला लागल्यासारखं आहे. बॉडी प्लास्टिकची आहे म्हणून आजवर निभावलं. उघडण्याआधी टॉर्च सॉकेटमधून काढा आणि पाचेक मिनिटं तशीच ठेवा.

आता काम. प्रथम सेल तपासा. "चांगले दिसतात" याला अर्थ नाही, मल्टिमीटर लावा. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल टाकून द्या, भले तो चार्ज होत असो. तितका खाली पडून राहिलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं आणि चार्ज करताना ते भलत्या जागी जमून आतच शॉर्ट करतं. अडीचच्या वर असेल तर बाहेर, डोळ्यांसमोर चार्ज करा. चार्ज होताना हाताला गरम लागला तर बाद. ४.२ ला भरल्यावर काढून आठवडाभर कपाटात ठेवा आणि पुन्हा मोजा. ४.१ च्या वर राहिला तर सेल कामाचा. ४.० च्या खाली आला तर आत गळती आहे, तो बाद. आठवडाभर थांबायचा लोकांना कंटाळा येतो. पण शेतात रात्री दोन वाजता टॉर्च गेली आणि बांधावर घोणस असली, तर हा आठवडा आठवेल.

नवाच घ्यायचा म्हणाल तर डोळे उघडे ठेवा. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब डब्यात आजघडीला साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासाच्या आसपासच मावतं. ज्याच्यावर ९९०० छापलंय तो खोटा, चर्चाच नको. आणखी एक सोपी परीक्षा म्हणजे वजन. खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून बघा. मी एकदा नव्या पेठेतून आणलेले चार सेल असे तोलले, त्यातले दोन तीस ग्रॅमचेही नव्हते. सराफ हसला, म्हणाला, "सोन्यात एवढी खोट आम्हीपण करत नाही."

एक सेल की दोन? एकच. दोन सेल सीरिजमध्ये जोडले तर ८.४ व्होल्ट होतात, एलईडी जागेवर जाईल. पॅरलल जोडता येतात, पण मग दोन्ही एकाच वयाचे, एकाच क्षमतेचे हवेत आणि जोडताना दोघांचा व्होल्टेज सारखा हवा. नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात धो-धो करंट ओततो. लॅपटॉपमधल्या सेलांची ही खात्री कोण देणार? हिशोब करा: जुना सेल १८०० मिलिअँपिअर-तासाचा उरलाय असं धरलं आणि टॉर्च ३५० मिलिअँपिअर खाते असं धरलं, तर पाच तास झाले. मोटार चालू करून, पाणी वळवायला दारं मोडून परत यायला पाच तास लागत नाहीत. दुसरा सेल राखीव ठेवा, ३.७-३.८ व्होल्टवर. लिथियम अर्धपोटी ठेवलेला जास्त जगतो. लेडचं उलटं आहे, ती उपाशी राहिली की मरते. वडिलांची बॅटरी बहुधा पावसाळ्यात न वापरता रिकामी पडून राहिली, म्हणूनच गेली असणार.

टॉर्चमधलं कॅपॅसिटरचं सर्किट कापून काढा. दोन पिनाही मुळासकट काढा आणि भोकं एम-सीलने बुजवा. पिना राहू द्यायच्या नाहीत. सर्किट तोडलंय हे तुम्हाला माहीत आहे, पण आठ महिन्यांनी कुणीतरी सवयीने ती सॉकेटला लावणारच.

त्याच्या जागी टीपी४०५६ चं मॉड्यूल, म्हणजे लिथियम सेल चार्ज करणारं छोटं तयार सर्किट. तीस-चाळीस रुपयांना मिळतं. एक-दोन रुपयांसाठी फक्त चार्जिंगचं घेऊ नका, प्रोटेक्शन असलेलं घ्या. ओळखायचं कसं, तर त्याला सहा जागा असतात: चार्जरच्या दोन, बी प्लस, बी मायनस, आऊट प्लस, आऊट मायनस. चारच असतील तर प्रोटेक्शन नाही. सेल बी ला आणि टॉर्चचं स्विच-एलईडी आऊटला. हे मॉड्यूल मोबाईलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालतं, ४.२ ला आणून करंट कमी करत स्वतःहून थांबतं. चार्ज होताना लाल दिवा, भरल्यावर निळा किंवा हिरवा. टाईप-सी चं घेतलंत तर दोन्हीकडून टाईप-सी असलेली केबल लावून बघू नका. बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर त्यासाठी लागणारे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, मग चार्जिंग सुरूच होत नाही आणि माणूस मॉड्यूल खराब म्हणून परत आणतो. एका बाजूला जुनी चपटी यूएसबी असलेली केबल वापरा.

मॉड्यूल मुळात १ अँपिअरने चार्ज करतं. जुन्या सेलला तेवढी घाई नको. आयसीच्या शेजारी १२२ लिहिलेला इवलासा रेझिस्टर असतो, १.२ किलोओहमचा. तो काढून २.४ किलोओहमचा लावला की करंट अर्धा, ५०० मिलिअँपिअर. हिशोब सोपा आहे, १२०० ला किलोओहमने भागा, येतील ते मिलिअँपिअर. एवढं बारीक सोल्डरिंग जमत नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणखी एक फायदा: मॉड्यूल कमी तापतं. १ अँपिअरला ते बोट ठेववत नाही इतकं तापतं. लोक दुहेरी टेपने तेच सेलच्या पाठीवर चिकटवतात. तसं करू नका. टॉर्चच्या दुसऱ्या बाजूला, सेलपासून लांब बसवा.

जोडताना आधी सगळ्या वायरी मॉड्यूलला लावा, सेल सगळ्यात शेवटी. सेल उलटा लागला तर मॉड्यूल धूर सोडतं, त्याला उलट्याची काही सोय नाही. टॉर्चमधल्या वायरींच्या रंगावर विसंबू नका. दोन्ही काळ्या असलेल्या टॉर्च मी कितीतरी पाहिल्यात. मीटरने प्लस-मायनस बघा.

सेलला थेट सोल्डर लावायचं नाही. गन टेकवून धरली की आतला पडदा वितळतो. प्लास्टिकचा होल्डर मिळतो, तो बसत असेल तर उत्तम, नाहीतर निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंग करून घ्या. ई-बाईकच्या बॅटऱ्या बांधणारे आता सोलापुरातही आहेत, ते दहा-वीस रुपयांत मारून देतात. प्लसच्या टोकाकडे नीट बघा. मधलं बोंड प्लसचं, पण त्याच्याभोवतीचा गोल काठ मायनसचा असतो, कारण अख्खा डबाच मायनस आहे. दोघांमध्ये फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टन आणि एक कागदी रिंग. लॅपटॉपच्या पॅकमधून सेल ओरबाडून काढताना नेमकं तिथलं वेष्टन फाटतं. पट्टी त्या काठावर टेकली की शॉर्ट. नवी कागदी रिंग लावा, वर नवी स्लीव्ह चढवा आणि मगच पट्टी मारा.

सगळं जोडलं आणि टॉर्च लागलीच नाही, तर घाबरू नका. या मॉड्यूलची खोड आहे: सेल नव्याने जोडला की ते बंदच राहतं. एकदा चार्जर लावा, जागं होतं.

एलईडीचं एक लक्षात घ्या. लेडच्या बॅटरीतच आतून बराच अडथळा असतो. स्वस्त टॉर्च बनवणारे त्याच्याच भरवशावर एलईडीच्या पुढचा रेझिस्टर गाळतात. लिथियम सेल त्या मानाने मोकळा नळ आहे. मग टॉर्च पहिल्या रात्री बघण्यासारखी फाकते, घरचे खूश होतात आणि महिन्याभरात एलईडी निळसर पडून मरतो. म्हणून मधे मीटर लावून करंट मोजा. एका १ वॅटच्या एलईडीला ३५० मिलिअँपिअर पुरे. जास्त येत असेल तर २.७ ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर मधे घाला. बारीक बारीक बारा एलईडींची टॉर्च असेल तर प्रत्येकी २० धरून २४० मिलिअँपिअर, त्याला ४.७ ओहम. करंट एकसारखा ठेवणारी ड्रायव्हर आयसीही मिळते, एएमसी७१३५ नावाची. ती छान आहे, पण शेतावरच्या माणसासाठी मी रेझिस्टरच लावतो. ड्रायव्हरवर उजेड बराच वेळ तसाच्या तसा राहतो आणि शेवटी घसरतो तो भराभर. रेझिस्टरवर तो आधीपासून हळूहळू मंद होत जातो, तेवढ्यात माणूस विहिरीवरून घराकडे वळतो.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच ४२-४३ होतं, तर शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय होत असेल. वडिलांना सांगा, सकाळी परत आले की घरात चार्जिंगला लावायची, शेडमध्ये नाही आणि गाडीच्या डिकीत तर नाहीच. शहाबादी फरशीवर ठेवून लावा. आपली सोलापुरी चादर ऊबदार आहे, पण चार्जिंगची टॉर्च तिच्यावर ठेवायची जागा नव्हे. भरली की काढा. रात्रभर लावून ठेवायची लेडची सवय इथे उपयोगाची नाही.

राहिली आजोबांची पितळी. तिला मी वेगळी वागणूक देईन. पितळेचा बंद नळा आहे, आत सेलने गॅस सोडला तर वाट नाही. म्हणून तिच्यात एकच सेल आणि चार्जिंग बाहेर काढून. तीन मोठ्या सेलच्या जागी तीन १८६५० घालायचा विचारही नको, १२.६ व्होल्ट होतील आणि तिन्ही एकसारखे नसतील तर कमजोर सेल उलटा फिरतो, म्हणजे त्याचे प्लस-मायनस उलटतात. शक्य असेल तर तिच्यात लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३२६५० घाला. सौर दिव्यांत असतो तो, निळा जाडजूड. ३.२ व्होल्टचा आहे आणि स्वभावाने थंड. ३२ मिलिमीटर जाडीमुळे मोठ्या सेलच्या नळ्यात तो नेमका बसतो, कागदाची एक गुंडाळी पुरते. त्याला चार्जर मात्र ३.६५ व्होल्टचा लागतो. टीपी४०५६ वर लावू नका, ते त्याला ४.२ पर्यंत ओढेल. जुना ३.८ व्होल्टचा बल्ब त्याच्यावर जरा पिवळा पडतो, म्हणून ३.२ व्होल्टवर चालणारा एलईडी बल्ब लावा. एलईडी लावल्यावर सेलची दिशा चुकली तर दिवा लागणार नाही, एवढंच.

तीन मोठे सेल मिळून १८४ मिलिमीटर होतात, हा ३२६५० सेल साधारण ७० चा. उरलेली ११४ ची पोकळी भरायला मी लूमची, म्हणजे यंत्रमागाची, सूत गुंडाळायची जुनी लाकडी कांडी वापरतो. सोलापूरच्या पूर्व भागात अजून कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर पोतंभर पडलेल्या असतात, हल्ली सगळं प्लास्टिकचं झालंय. कांडीला मधून आरपार भोक असतंच. मापाने कापायची, भोकातून लांब बोल्ट घालायचा, दोन्ही टोकांना नट-वॉशर. करंट बोल्टमधून जातो आणि लाकूड त्याला पितळेपासून लांब ठेवतं. स्प्रिंग दाबली जाईल इतपत, चार-पाच मिलिमीटर लांबी जास्त ठेवा. नाहीतर टॉर्च हलली की दिवा लुकलुकतो आणि सगळा दोष सेलवर येतो.

काढलेली लेडची बॅटरी फोडू नका, आत ऍसिड असतं. भंगारवाला ती वजनावर घेतो. बाद ठरलेल्या लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि मोबाईलवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, सेल दाबला गेला की तिथे पेटतो.